दमट उन्हाळ्यातील वर्कशॉप : आधी काय करावे आणि एसी केव्हा घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्र्याच्या छताखालील एका छोट्या वर्कशॉपमध्ये मोटारी, पंप, लहान इंजिने आणि अधूनमधून पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या) दुरुस्त केले जातात. उन्हाळ्यात दुपारनंतर घाम थांबत नाही, हातातून पाने (स्पॅनर) निसटतात, हत्यारांवर गंज चढतो आणि आणलेल्या कूलरने दमटपणा उलट वाढवला आहे. आता संपूर्ण जागेला एसी बसवावा का?

माझे उत्तर असे की एसीचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि तोही संपूर्ण जागेसाठी नव्हे. आधी उष्णता आत येण्यापासून आणि आत तयार होण्यापासून अडवावी, मग हवा हलवावी, मग कामाच्या वेळा बदलाव्यात, आणि त्यानंतर जे उरेल त्यासाठी यंत्र घ्यावे. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा लावला जातो. आधी यंत्र विकत घेतले जाते आणि मग ते पुरेसे पडत नाही म्हणून कारणांचा शोध सुरू होतो.

कूलर का फसला हे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. आपले शरीर घाम येण्याने गार होत नाही, घाम वाळण्याने गार होते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, परंतु तोच घाम थेंब होऊन फरशीवर पडला तर शरीरातील पाणी आणि मीठ तेवढे खर्च होते आणि गारवा जवळजवळ काहीच मिळत नाही. घाम किती वाळेल हे हवेत आधीच किती बाष्प आहे यावर अवलंबून असते. त्यामुळे थर्मामीटरवर ३४ अंश सेल्सिअस हा एकच आकडा दिसत असला तरी ३० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या दुपारी ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे बल्बभोवती ओले कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारे तापमान, सुमारे २१ अंश असते आणि ७५ टक्क्यांच्या दुपारी ते सुमारे ३० अंशांवर जाते. पाणी टाकून चालणारा कूलर हवेला फार तर या ओल्या बल्बच्या तापमानाच्या जवळपास नेऊ शकतो, त्याखाली नाही. म्हणजे कोरड्या दिवशी तो दहा-अकरा अंशांचा दिलासा देतो. दमट दिवशी मात्र तीन अंशांच्या गारव्यासाठी तो वर्कशॉपमधील हवा बाष्पाने जवळजवळ भरून टाकतो आणि घाम वाळण्याची उरलीसुरली शक्यताही संपवतो. तुमचा कूलर बिघडलेला नाही. तो त्या हवेसाठी बनलेलाच नाही. पाणी बंद करून नुसता पंखा म्हणून तो खुशाल वापरावा.

उष्णतेचा ताण मोजण्यासाठी डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) नावाचा जो निर्देशांक जगभर वापरला जातो, तो १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करी प्रशिक्षणार्थींमध्ये उष्माघात टाळण्यासाठी तयार झाला. छताखालील जागेसाठी त्याचे सूत्र पाहिले तर ओल्या बल्बच्या तापमानाला ७० टक्के आणि आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांतून किरणांच्या रूपाने येणारी उष्णता टिपणाऱ्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला ३० टक्के वजन दिलेले दिसते. नेहमीच्या थर्मामीटरच्या आकड्याला त्यात स्वतंत्र स्थानच नाही. वर्कशॉपमधील माणसाला नेमके याच दोन गोष्टी त्रास देतात: हवेतील बाष्प आणि डोक्यावरचा तापलेला पत्रा.

म्हणून पहिली खरेदी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणाऱ्या एका साध्या मापकाची असावी. तो कामाच्या टेबलाजवळ छातीच्या उंचीवर, ऊन आणि यंत्रांची झळ यांपासून दूर लावावा. त्याचे वाचन करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. पहाटे २५ अंशांना ९० टक्के आर्द्रता दिसते आणि दुपारी ३५ अंशांना ५० टक्के, तेव्हा हवा दुपारी कोरडी झाली असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा, २३ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे हवेतील पाणी तेवढेच असते. म्हणून केवळ टक्केवारीवर विसंबू नये, दवबिंदू पाहावा. अनेक डिजिटल मापक तो थेट दाखवतात.

आता उष्णता अडवण्याकडे वळू. भर दुपारी उघडा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर व खांद्यांवर उष्णता फेकत राहतो. पंखा कितीही मोठा लावला तरी किरणांनी येणारी ही उष्णता तो अडवू शकत नाही. पत्र्यावर बाहेरून परावर्तक पांढरा लेप देणे हा माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत अधिक फळ देणारा उपाय आहे. त्यानंतर आतून हवेसाठी मोकळी पोकळी ठेवून उष्णतारोधक छत लावावे, आणि ती पोकळी दोन्ही टोकांना उघडी असावी, नाहीतर तापलेली हवा तिथेच अडकून राहते. पश्चिमेकडील भिंतीवर किंवा शटरवर दुपारनंतर ऊन येत असेल तर पडदा आत लावण्यापेक्षा बाहेरच सावली करावी, कारण आत आलेले ऊन पडद्याने अडवले तरी त्याची उष्णता आतच राहते.

आत तयार होणारी उष्णता ही अधिक दुर्लक्षित बाब आहे. कंप्रेसर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्याच्याभोवतीच सांडते. दोन किलोवॅटचा कंप्रेसर कोपऱ्यात चालू असणे म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर चालू असणे. त्याला बाहेर, सावलीत, पावसापासून आडोसा देऊन हलवले तर उष्णतेबरोबर आवाजही जातो. नुकतेच बंद केलेले इंजिन आत घेऊ नये, ते बाहेर निवू द्यावे. इंजिनाची चाचणीही बाहेरच घ्यावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडचा धोका लक्षात घेता ती उन्हाळ्यातच काय, कधीही आत घेऊ नये. हॉट एअर स्टेशन, सोल्डरिंगची बिटे आणि जुने हॅलोजन दिवे काम नसताना चालू ठेवण्याची सवय मोडावी.

हवा हलवताना दोन वेगळी कामे एकत्र मिसळू नयेत. पहिले काम म्हणजे छताखाली साठलेली गरम हवा बाहेर काढणे, आणि दुसरे म्हणजे माणसाच्या अंगावर वारा देणे. गरम हवा वर जाते, म्हणून एक्झॉस्ट पंखा शक्य तितक्या उंचीवर आणि हवा आत येण्याची वाट समोरच्या सावलीच्या बाजूला, जमिनीजवळ ठेवावी. एक्झॉस्टच्या शेजारचीच खिडकी उघडी राहिली तर पंखा त्याच खिडकीतील हवा ओढून बाहेर टाकतो आणि बाकीचे वर्कशॉप जसेच्या तसे राहते. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता कोणत्याही जागेत शिरल्यावर माझी नजर आधी तिकडेच जाते. अंगावरचा वारा बाजूने आणि थोडा मागून यावा, म्हणजे ग्राइंडरची धूळ किंवा सोल्डरिंगचा धूर तोंडावर येत नाही. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की पंखा शरीराला थोडी उष्णता देऊही लागतो. दमट हवेत अंग घामाने ओले असल्यामुळे वाळण्याचा फायदा त्यापुढेही काही अंशांपर्यंत अधिक राहतो, परंतु ४० अंशांच्या पुढे केवळ पंख्याच्या भरवशावर काम करू नये.

दुरुस्तीच्या कामात पंख्याचे स्वतःचे तोटेही आहेत. मिग किंवा टिग वेल्डिंग करताना साधारण सेकंदाला दोन मीटरपेक्षा जोराचा वारा शील्डिंग गॅस (वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा वायू) उडवून लावतो आणि सांध्यात छिद्रे पडतात. तिथे पंखा वेल्डरच्या पाठीवर, सांध्यापासून वारा दूर राहील अशा कोनात ठेवावा, किंवा कामाभोवती आडोसा उभा करावा. पीसीबीवर सोल्डरिंग चालू असताना थेट वारा आला तर सांधा असमान थंड होतो आणि मग कारागीर बिटाचे तापमान विनाकारण वाढवत जातो. पेट्रोल किंवा थिनरने भाग धुतले जातात तिथे तर साधा पंखा नकोच, कारण त्याच्या स्विचची किंवा मोटारीची ठिणगी पुरेशी ठरते. उन्हाळ्यात हा धोका अशा द्रवांनाही लागू होतो ज्यांना आपण एरवी निर्धोक समजतो. रॉकेल आणि मिनरल टर्पेंटाइन यांचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्यांची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण ३८ अंशांपासून पुढे असतो. तापलेल्या पत्र्याखाली त्यांचे उघडे भांडे सहज तिथवर पोहोचते, आणि मग त्यावरची वाफ पेट घेण्याजोगी असते. धुण्याचे काम सकाळी, मोकळ्या हवेत आणि झाकणाच्या भांड्यात करावे.

कामाच्या वेळा बदलणे हा फुकटचा उपाय आहे आणि म्हणूनच बहुधा तो कोणी गंभीरपणे घेत नाही. वेल्डिंग, ग्राइंडिंग, जड भाग उचलणे आणि मुखवटा घालून करावयाची कामे सकाळी उरकावीत; दुपारी बसून करण्याची तपासणी, जुळणी आणि नोंदी ठेवाव्यात. उकडते म्हणून गॉगल, हातमोजे किंवा मुखवटा काढून ठेवणे हा पर्याय नाही. ते घालून सहन होत नसेल तर ते काम त्या वेळेचे नाही, असे समजावे. कपड्यांबाबत सैल सुती कपड्यांचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लेथ, ड्रिल किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राजवळ सैल बाही आणि गळ्यातील ओला फडका जीवघेणा ठरू शकतो. तिथे अंगाबरोबर बसणारे, आखूड बाह्यांचे सुती कपडे योग्य. वेल्डिंगला मात्र पूर्ण बाह्यांचे जाड सुती किंवा चामड्याचेच आवरण हवे; कृत्रिम धाग्याचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातील मीठ कमी होते आणि हृदयावरील ताण उतरतो. अमेरिकेतील नायोश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी गरम जागेतील नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावे आणि पुढे रोज २० टक्क्यांनी वाढवावे. अनुभवी माणूस खंडानंतर परतला असेल तर ५०, ६०, ८० आणि १०० टक्के असा चार दिवसांचा क्रम ठेवावा. हंगामाच्या पहिल्या उष्ण लाटेत जाणता कारागीरही नव्यासारखाच असतो, हे मालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या, काही ॲलर्जीची औषधे आणि मानसिक आजारांवरील काही औषधे शरीराची गार होण्याची क्षमता कमी करतात. ती घेणाऱ्याने डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे, मनाने औषध बंद करू नये.

पाण्याबाबत तहान लागण्याची वाट पाहू नये. दर पंधरा ते वीस मिनिटांनी सुमारे पाव लिटर पाणी प्यावे. परंतु ताशी दीड लिटरच्या वर जाऊ नये, कारण फार पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नियमित जेवण होत असेल तर घामातून गेलेले मीठ बहुतांशी भरून निघते. मात्र सलग काही तास कपडे भिजेपर्यंत घाम येत असेल तर ओआरएससारखे क्षारयुक्त पेय मध्ये घ्यावे. मिठाच्या गोळ्या घेऊ नयेत. विश्रांतीच्या वेळी दोन्ही हात कोपरांपर्यंत गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवणे हा अग्निशमन दलांतही वापरला जाणारा उपाय आहे आणि दमट हवेत तो विशेष उपयोगी पडतो, कारण त्याला घाम वाळण्याची गरजच नसते. पुन्हा कामाला लागण्याआधी हात पूर्ण कोरडे करावेत.

हात कोरडे करण्याचा आग्रह केवळ पाने निसटतात म्हणून नाही. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध हजारो, कधी लाखो ओहम असतो. घामाने भिजलेल्या त्वचेचा तो हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. एरवी नुसता चटका देणारी गळती अशा वेळी हात सुटू देत नाही. भिजलेल्या कपड्यांत लोखंडावर बसून वेल्डिंग करणाऱ्यासाठी मशीनचा ६० ते ८० व्होल्टचा मोकळा दाबही (वेल्डिंग चालू नसताना टोकांवर असणारा) प्राणघातक ठरल्याची उदाहरणे या धंद्यात सर्वांना माहीत आहेत. कोरडे हातमोजे दोन-तीन जोड्या ठेवून आलटून पालटून वापरावेत, पायाखाली कोरडी लाकडी किंवा रबरी पट्टी असावी, आणि हातयंत्रांच्या प्लगला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. तो नसेल तर पंख्याच्याही आधी त्यावर खर्च करावा.

चक्कर, मळमळ, पेटके, डोकेदुखी आणि अतिशय घाम ही उष्णतेने थकल्याची लक्षणे आहेत. माणसाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, पाणी द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये. पण तो असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, ही समजूत घातक आहे, कारण काम करताना आलेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. शरीराचे आतील तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मिनिटे मोलाची असतात. रुग्णवाहिका बोलावावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता शक्य तितक्या गार पाण्याने, बर्फ असल्यास बर्फाने, सर्वांग थंड करत राहावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. एकट्यानेच वर्कशॉप चालवणाऱ्याला ही लक्षणे स्वतःची स्वतःला कळत नाहीत. त्याने दुपारी ठरावीक वेळी कोणीतरी फोन करील अशी व्यवस्था करावी.

आता गंजाकडे येतो. पोलादावरील गंज साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या पुढे झपाट्याने वाढतो आणि बोटांच्या घामातील मीठ त्याला आणखी गती देते. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बेअरिंगच्या चकचकीत पृष्ठभागावर उमटलेले बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतात ते याचमुळे. मापनाची साधने वापरल्यावर पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि नवे बेअरिंग बसवण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये. हत्यारांचे कपाट घट्ट बंद होणारे असावे आणि त्यात रात्री कमी वॅटचा सुरक्षित हीटर ठेवावा, कारण २५ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापवली तरी तिची आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर येते. रात्रभर गार झालेल्या जड यंत्रांवर सकाळी शटर उघडताच उबदार दमट हवा शिरून दव धरते. अशा दिवशी काम सुरू करण्याआधी यंत्रांचे उघडे पृष्ठभाग पुसावेत.

माल आणि मापे यांवरही हवेचा परिणाम होतो. कंप्रेसरच्या टाकीत दमट दिवसांत पाणी पटकन साठते, ते रोज काढावे. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते, म्हणून उघडी बाटली पुढच्या कामासाठी ठेवू नये. लो-हायड्रोजन वेल्डिंग कांड्या उघड्या राहिल्या तर सांध्याला तडे जाण्याचा धोका असतो. त्या गरम पेटीतच हव्यात. मापे २० अंशांच्या संदर्भ तापमानाला धरलेली असतात. ३५ अंशांच्या दुपारी १०० मिलिमीटरचा पोलादी भाग सुमारे १७ मायक्रॉन वाढलेला असतो. पोलादी मापकही तेवढाच वाढल्याने ही वाढ कटते, मात्र बेअरिंगचे ॲल्युमिनियमचे घर (हाउसिंग) पोलादी मापकाने मोजले तर पुन्हा तेवढाच फरक शिल्लक राहतो, आणि बेअरिंगच्या बैठकीसाठी तो पुष्कळ झाला. भाग आणि मापक एकाच ठिकाणी तासभर ठेवून मगच मोजावे.

हे सगळे झाल्यावर एसीचा प्रश्न उरतो. शटर सतत उघडे राहते अशा पूर्ण शेडला एसी लावणे म्हणजे बाहेरची दमट हवा विकत घेऊन वाळवत बसणे. त्याऐवजी एका कोपऱ्यात उष्णतारोधक भिंतींची, घट्ट दाराची छोटी केबिन करावी आणि पीसीबीचे काम, सूक्ष्म मापन आणि विश्रांती तिथे हलवावी. एसी गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. मोठा एसी खोली झटपट गार करून थांबतो आणि हवा वाळवायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून खोली गार पण चिकट राहते. एकाच नळीचे फिरते एसी केबिनमधलीच हवा बाहेर फेकतात आणि तिच्या जागी फटींतून दमट हवा आत ओढतात, ते टाळावेत. डिह्युमिडिफायर हवा वाळवतो पण खोली तापवतो, कारण बाष्पाचे पाणी होताना सुटलेली उष्णता आणि त्याने खाल्लेली वीज दोन्ही आतच राहतात. माणूस काम करत असताना तो सोयीचा नाही. बंद हत्यारघरात रात्री मात्र उत्तम.

केबिनचे तापमान २६ ते २७ अंशांच्या खाली नेऊ नये. बाहेरचा दवबिंदू २३ अंश असेल आणि केबिन २० अंशांवर असेल, तर आतून बाहेर आणलेल्या प्रत्येक पीसीबीवर, मीटरवर आणि मायक्रोमीटरवर क्षणात पाणी धरते. कधी तेवढे गार ठेवावेच लागले तर वस्तू आतच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मग बाहेर आणावी आणि ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये.